टायपिंगने हात दुखू नयेत म्हणून: आधी टेबल मोजा, मग बाकीचं

घरातलं टेबल टेपने मोजून पाहा. जमिनीपासून वरच्या फळीपर्यंत ते बहुधा ३० इंच, म्हणजे ७५-७६ सेंटिमीटर भरेल. इंदूरमध्ये सुताराला 'एक स्टडी टेबल करून द्या' एवढंच सांगितलं, की तो पुढे काही न विचारता याच मापाने प्लाय कापतो. डायनिंग टेबलही याच उंचीचं असतं. कागदावर पेनाने लिहायला ही उंची चालते. कीबोर्डसाठी मात्र ती बहुतेकांना जास्त होते, आणि बेताच्या उंचीच्या माणसांना तर फारच.

हिशेब करून बघू. उंची ५ फूट २ इंच, म्हणजे १५७ सेंमी धरा. तळपाय जमिनीवर सपाट टेकवून बसायचं तर खुर्चीची बैठक साधारण ४० सेंमीवर लागते. बैठकीपासून कोपर २२ ते २४ सेंमी वर असतं, म्हणजे जमिनीपासून ६२ ते ६४ सेंमी. टेबल ७६ आणि कीबोर्डची जाडी दोन-तीन सेंमी मिळून बोटं जातात ७८ सेंमीवर. मधला १४ ते १६ सेंमीचा फरक शरीर कुठून तरी भरून काढतं. कुणी खांदे उचलून धरतो, त्याची मान आणि पाठीचा वरचा भाग धरतो. कुणी कोपरं बाजूला फाकवतो, त्याचे पंजे करंगळीच्या दिशेने वाकडे राहतात. कुणी मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून पंजा वर मोडतो, त्याच्या बोटांना पुढे मुंग्या येतात. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी मूळ त्या १५ सेंमीत आहे.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कोपर, मग कीबोर्ड, मग खुर्ची, मग पाय, आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी. मान दुखते म्हणून बरेच जण पहिल्यांदा स्क्रीन वर उचलतात, किंवा महागडा माउस विकत आणतात. टेबल उंचच राहिलं तर दोन्हीचा उपयोग थोडाच.

कोपराचं माप आणि टेबल

स्वतःचं माप स्वतः घेऊ नका, वाकून बघताना ते चुकतं. खुर्चीला पाठ टेकवून बसा, दंड शरीराच्या बाजूला सैल सोडा, हात कोपरातून काटकोनात आणा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेप लावायला सांगा. कीबोर्डची मधली ओळ, म्हणजे 'एफ' आणि 'जे' असलेली, या उंचीवर किंवा एक-दोन सेंमी खाली आली पाहिजे. कोपराचा कोन ९० ते ११० अंश असला की झालं.

ही उंची गाठायचे मार्ग तीन आहेत.

स्वस्त मार्ग म्हणजे खुर्ची वर, पाय आधारावर. गॅस-लिफ्टची खुर्ची कोपर कीबोर्डच्या पातळीला येईपर्यंत उचला. आता पाय लोंबकळतील आणि बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतेल. त्याला घरातला जेवणाचा पाट उपयोगी पडतो. एक पाट दोन-तीन इंचांचा असतो, आपल्याला हवेत पाच-सहा. दोन पाट नुसते एकावर एक ठेवले तर सरकतात, म्हणून खालून स्क्रू मारून जोडून घ्या. वर्तमानपत्रांची रद्दी सुतळीने घट्ट बांधून केलेला सहा इंचांचा गठ्ठाही चालतो, आणि घरात दुसरं कुणी त्याच टेबलाशी बसत असेल तर चार कागद काढून-घालून उंची बदलता येते. बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांत दोन-तीन बोटांची जागा राहायला हवी. राहत नसेल तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे, पाठीमागे उशी द्या.

दुसरा मार्ग टेबलाचे पाय कापण्याचा. लाकडी टेबल असेल तर हा उपाय कायमचा. पण आधी मांड्यांचा विचार करा. मांडीची जाडी १४-१५ सेंमी असते आणि तयार टेबलांना फळीखाली बहुतेक वेळा ड्रॉवर असतो. पाय कापले की तो ड्रॉवर मांडीवर बसतो. नवं टेबल करून घेत असाल तर सुताराला स्पष्ट सांगा: उंची तुमच्या कोपराच्या मापापेक्षा कीबोर्डच्या जाडीइतकी कमी, मधल्या भागात ड्रॉवर नको, समोर आडवी पट्टी नको, हवा तर ड्रॉवर एका बाजूला. आणि पुढच्या कडेला गोलाई. सनमायकाची काटकोनी कड हातात रुतते आणि ती जागा नेमकी मनगटाखालची असते. टेबल आधीच झालेलं असेल तर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप एक मीटर आणा, लांबीने एका बाजूने चिरा आणि कडेवर बसवा. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख.

तिसरा मार्ग म्हणजे फळीखाली सरकता कीबोर्ड-ट्रे. इथे एक चूक नेहमी होते. तयार ट्रे अरुंद असतो, त्यात कीबोर्ड मावतो आणि माउस वर टेबलावरच राहतो. मग डावा हात आरामात आणि उजवा दिवसभर पुढे ताणलेला. ट्रे निदान ६५ सेंमी रुंद करून घ्या, म्हणजे दोन्ही एकाच पातळीला बसतील. ट्रेला पुढे कठडा नको, मनगट त्याच्यावर घासतं. चॅनल हलत असेल तर तो हलता ट्रे स्थिर धरायला बोटं नकळत जोर लावतात, तेव्हा स्क्रू आवळून घ्या.

प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत असाल तर तिची उंची बदलता येत नाही, घट्ट उशी घालून बसा. मऊ उशी तासाभरात दबते आणि सगळं माप बिघडवते. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडत असतील तर तुम्ही कीबोर्डपासून लांब बसता आणि पुढे वाकता. बहुतेक खुर्च्यांचे हात अ‍ॅलन चावीने निघतात, ते काढून टाका.

खाली मांडी घालून बसणाऱ्यांनाही हेच गणित लागू आहे, आणि ते उलट सोपं पडतं. १० इंची चौरंग म्हणजे २५ सेंमी, वर कीबोर्ड धरून २८. जमिनीवर बसल्यावर कोपर २३ सेंमीच्या आसपास. चौघडी करून पाच सेंमी जाडीची गोधडी खाली घेतली की दोन्ही जुळतं, आणि कंबरेचा बाकही कमी होतो. गुडघे आखडतात, म्हणून एका बैठकीला अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. पलंगावर लोळून, मांडीवर लॅपटॉप घेऊन टायपिंग करण्याबद्दल इतकंच की दोन मेल लिहायला ठीक, दोन पानं लिहायला नाही.

कीबोर्ड कसा ठेवायचा

मागचे दोन छोटे पाय मिटून ठेवा. ते उघडले की कीबोर्ड पुढच्या बाजूला उतरता होतो, अक्षरं चांगली दिसतात, पण मनगट वरच्या दिशेने मोडलेलं राहतं. मनगटात हाडांची एक अरुंद वाट आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि मीडियन नस जाते. मनगट वर किंवा खाली मोडलं की त्या वाटेतला दाब वाढतो. पंजा आणि कोपराखालचा हात एका सरळ रेषेत असला की तो सर्वांत कमी असतो. लाकडी फूटपट्टी मनगटाच्या वरच्या बाजूवर ठेवून बघा. ती पंजा आणि हात दोन्हीला जवळपास टेकली पाहिजे.

पुढची चूक मधोमध ठेवण्याची. पूर्ण कीबोर्ड साधारण ४४ सेंमी रुंद असतो आणि त्याची उजवी बाजू नंबरपॅडने व्यापलेली असते. आख्खा कीबोर्ड स्क्रीनसमोर मधोमध ठेवला तर अक्षरांचा भाग डावीकडे जातो आणि तुम्ही सतत थोडे तिरके बसता. 'जी' आणि 'एच' यांच्यामधली रेघ बेंबीसमोर आली पाहिजे. असं केलं की नंबरपॅड उजवीकडे जातो आणि माउस आणखी लांब ढकलतो. आकडे फारसे लागत नसतील तर नंबरपॅड नसलेला कीबोर्ड घ्या, माउस आठ-नऊ सेंमी जवळ येतो. टॅलीवर काम करणाऱ्यांना नंबरपॅडशिवाय चालत नाही. त्यांनी लहान कीबोर्ड आणि वेगळा यूएसबी नंबरपॅड घ्यावा. नोंदी करताना तो उजवीकडे, माउसचं काम असताना बाजूला.

कीबोर्डसमोर ठेवायची मऊ पट्टी फक्त थांबताना टेकायची आहे. टाइप करताना तिच्यावर मनगट रोवून बसलात तर लांबच्या कळा गाठायला फक्त बोटं ताणली जातात, आणि दाब येतो तो नेमका त्या अरुंद वाटेवर. हात हवेत हलका राहू द्या, पुढची कळ गाठायला कोपरापासून हलू द्या. टेकायचंच झालं तर तळहाताची गादी टेका, मनगटाची आतली बाजू नको. जुन्या टाइपरायटरवर मनगट टेकायला जागाच नसे, आणि प्रत्येक ओळीला गाडी ढकलायला, प्रत्येक पानाला कागद बदलायला हात उठत असे. ती विश्रांती यंत्रच देऊन टाकी. आताचं यंत्र ती देत नाही.

बोटांचा जोर

साध्या कीबोर्डची कळ दाबायला ५० ते ६० ग्रॅमचा जोर पुरतो. बहुतेक माणसं त्याच्या दुप्पट-तिप्पट लावतात. घाईत, रागात किंवा परीक्षेत त्याहूनही जास्त. लॅपटॉपच्या कळा जेमतेम एक-दीड मिलिमीटर खाली जातात, त्यामुळे बोट प्रत्येक वेळी तळावर आदळतं. जोर तपासायचा सोपा उपाय: फोन टेबलावर ठेवून दोन मिनिटं टायपिंगचा आवाज रेकॉर्ड करा. मग मुद्दाम हलक्या बोटांनी तोच परिच्छेद टाइप करून पुन्हा ऐका. फरक कानांना लगेच कळतो.

दुसरी सवय बघा करंगळी आणि अंगठ्याची. काही जण टाइप करताना न लागणारी बोटं वर ताणून धरतात. करंगळी सतत उभी असेल तर कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू दिवसभर काम करत राहतात, एकही कळ न दाबता. स्पेस-बार नेहमी एकाच अंगठ्याने दाबत असाल तर अधूनमधून दुसऱ्याने दाबा.

घरून काम करणाऱ्या लॅपटॉपवाल्यांसाठी एकच सल्ला खर्चाचा आहे: वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असतात. एक बरोबर उंचीवर आणलं की दुसरं चुकतंच. साधा यूएसबी कीबोर्ड पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि या कामाला तो पुरतो. वाकडे, दुभंगलेले महाग कीबोर्ड वाईट नाहीत, पण टेबल न मोजता ते आणणं म्हणजे पैसे उडवणं.

देवनागरी टाइप करणाऱ्या हातांचं वेगळं दुखणं

बोटांच्या दुखण्यावरचं बहुतेक लिखाण इंग्रजी टायपिंग गृहीत धरतं. इंदूरच्या मराठी माणसाचं काम तीन तऱ्हेचं: ऑफिसात इंग्रजी, सीपीसीटी या मध्य प्रदेशच्या संगणक-टायपिंग परीक्षेसाठी हिंदी, आणि मंडळाची स्मरणिका किंवा नातेवाइकांना पत्र असलं की मराठी. प्रत्येक भाषेचा भार वेगळ्या बोटांवर पडतो.

इनस्क्रिप्ट मांडणी घ्या, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली प्रमाण कीबोर्ड-मांडणी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. काना 'ई' कळेवर, हलन्त 'डी' कळेवर. दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या. देवनागरीत काना सारखाच लागतो आणि प्रत्येक जोडाक्षराला हलन्त, म्हणजे हे एक बोट बाकीच्यांच्या मानाने कितीतरी जास्त राबतं. उजवीकडे ज, ड, च, ट आणि य या सगळ्या कळा करंगळीकडे. हिंदीत का-के-की मधला 'क' उजव्या मधल्या बोटाखाली, मजबूत जागी बसला आहे. मराठीचं चा-ची-चे येतं करंगळीवर. आणि 'च्या' टाइप करून बघा: च करंगळीने, हलन्त डाव्या मधल्या बोटाने, य पुन्हा करंगळीने, काना पुन्हा त्याच मधल्या बोटाने. चार कळा आणि दोनच बोटं. 'त्यांच्या', 'घराच्या', 'तुमच्या' असं करत एका पानात हे किती वेळा होतं ते मोजायचीही गरज नाही.

रेमिंग्टन गेल, म्हणजे जुन्या टाइपरायटरवरून आलेल्या मांडणीतही करंगळीची सुटका नाही. तिथे 'च्या' म्हणजे शिफ्टसह 'पी', मग सेमीकोलनची कळ, मग 'के'. पहिल्या दोन्ही उजव्या करंगळीच्या, वर शिफ्ट डाव्या करंगळीने. काना 'के' कळेवर असल्यामुळे इथे उजवं मधलं बोट राबतं. अर्धी अक्षरं बरीचशी शिफ्टवर असल्याने दोन्ही करंगळ्यांना विसावा कमी.

यावर काय करता येतं?

य गाठायला करंगळी लांबवू नका. 'य' इनस्क्रिप्टमध्ये खालच्या ओळीत स्लॅशच्या कळेवर आहे. करंगळी तिथे वाकवत नेली तर मनगट बाहेरच्या बाजूला मोडतं. त्याऐवजी पूर्ण हात किंचित खाली-उजवीकडे सरकवा. तरी दुखत असेल तर ती कळ अनामिकेने दाबायची सवय लावा. टायपिंग क्लासचे सर नाराज होतील, होऊ द्या.

शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताची. इनस्क्रिप्टमध्ये आ, अ, इ, उ, ए सगळे डाव्या हाताच्या कळांवर शिफ्टसह येतात, म्हणजे उजवी शिफ्ट. 'आहे' लिहिताना बहुतेक जण डाव्या करंगळीने शिफ्ट धरून त्याच हाताच्या मधल्या बोटाने 'ई' गाठतात. पंजा फाकतो, मनगट पिळतं, आणि 'आहे' हा काही मराठीत क्वचित येणारा शब्द नाही. ख, थ, ध, भ या उजव्या हाताच्या कळा, त्यांना डावी शिफ्ट. सवय बदलायला सुरुवातीला वेग कमी होतो, नंतर तो परत येतो.

करंगळी आधीच दुखत असेल तर विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज' विचारलं जातं, होकार द्या. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. एकदा दाबून सोडा आणि पुढची कळ दाबा. परीक्षेचा सराव मात्र याच्याशिवाय करा.

वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये नेहमीचे लांब शब्द छोट्या खुणांना जोडून ठेवा. संस्थेचं नाव, पत्त्याची ओळ, 'स्नेहपूर्वक नमस्कार'. न दाबलेली कळ दुखत नाही.

माउस आणि स्क्रीन, थोडक्यात

माउस कीबोर्डला चिकटून, त्याच पातळीवर. तो हलवताना कोपर शरीराजवळच राहिलं पाहिजे. पॉइंटरचा वेग थोडा वाढवा म्हणजे हात कमी फिरतो, पण इतका नको की छोट्या बटणावर नेम धरायला मुठ आवळावी लागेल. वाचताना माउस सोडून द्या, बरेच जण उगाच धरून बसतात. उजवा हात दुखत असेल तर आठवडाभर माउस डावीकडे घेऊन बघा. पहिले दोन दिवस चिडचिड होते, मग हात सरावतो.

स्क्रीन हातभर अंतरावर, ५० ते ७० सेंमी. वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जरा खाली. चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर स्क्रीन आणखी दोन-तीन इंच खाली घ्या, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी वर करून बसाल. खिडकी बाजूला असावी, समोर किंवा पाठीमागे नको. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, रफार वर-खाली असतात. इंग्रजीला पुरणाऱ्या अक्षर-आकारात ते नीट दिसत नाहीत आणि माणूस नकळत पुढे झुकतो. झूम १२५ टक्क्यांवर ठेवा, झुकणं आपोआप थांबतं.

कागदावरून बघून टाइप करणाऱ्यांनी, म्हणजे कोर्टाचे टंकलेखक आणि परीक्षार्थी, कागद टेबलावर सपाट ठेवू नये. दिवसभर मान एकाच बाजूला खाली वळलेली राहते. पोथी ठेवायचा लाकडी स्टँड कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मध्ये ठेवा, किंवा स्क्रीनच्या बाजूला त्याच उंचीवर, आणि बाजू दर आठवड्याला बदला.

थांबायचं कधी

सगळी मापं अचूक असूनही चार तास न हलता बसलात तर दुखणारच. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्याच्यातून रक्त नीट फिरत नाही. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हात मांडीवर सोडा. दर तासाला पाच मिनिटं उठा. अमेरिकेच्या निऑश या सरकारी संस्थेने डेटा-एंट्री करणाऱ्यांवर हे तपासलं आहे. दिवसात पाच-पाच मिनिटांच्या चार जादा सुट्ट्या दिल्या तर दुखणं कमी झालं आणि काम घटलं नाही. साहेबांना सांगायला हा मुद्दा बरा. आठवण राहत नसेल तर 'वर्करेव्ह' हा मोफत प्रोग्राम ठरावीक वेळाने स्क्रीनवर येऊन थांबवतो. सुट्टीत फोन हातात घेऊन अंगठ्याने स्क्रोल करणं ही हातांची सुट्टी नव्हे.

थांबल्यावर करायचं एवढंच: खांदे मागे नेऊन पाठीची पाती एकमेकींजवळ आणा, पाच सेकंद धरा, पाच वेळा. एक हात समोर सरळ, तळवा खाली, दुसऱ्या हाताने पंजा हळूच खाली वाकवा, १५-२० सेकंद. मग तळवा समोर करून बोटं मागे. ताण जाणवावा, दुखू नये. मग बोटं सरळ, आकड्यासारखी वाकडी, पूर्ण मूठ, परत सरळ, असं पाच वेळा. हात दुखत असताना रबरी चेंडू किंवा स्प्रिंगचा ग्रिपर दाबू नका. जे स्नायू आधीच दमलेत त्यांनाच ते आणखी राबवतं.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरला रात्री बोटं गार पडतात. गार बोटांनी टाइप करताना जोर जास्त लागतो. बसण्याआधी हात दोन मिनिटं कोमट पाण्यात धरा, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घाला.

सीपीसीटीची तयारी करणाऱ्यांचं गणित वेगळं बिघडतं. परीक्षेत इंग्रजी आणि हिंदी टायपिंगला प्रत्येकी १५ मिनिटं असतात, पात्रतेला इंग्रजीत मिनिटाला ३० आणि हिंदीत २० शब्द लागतात. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या एखाद्या खोलीत राहून मुलं दोन महिने अर्धा तास सराव करतात आणि शेवटच्या पंधरवड्यात एकदम चार तासांवर जातात. कंडरांना भार वाढलेला चालतो, एकदम वाढलेला चालत नाही. १५-१५ मिनिटांचे सत्र करा, मध्ये दहा मिनिटं पूर्ण थांबा, आणि रोजची वेळ तीन-चार दिवसांनी एका सत्राने वाढवा. परीक्षेच्या आधीचे दोन दिवस एक-दोन सत्रं पुरेत. केंद्रावर टेबल-खुर्ची त्यांची असते, पण तीन गोष्टी तुमच्या हातात असतात: कीबोर्डचे पाय मिटवणं, 'जी-एच'ची रेघ समोर आणणं आणि खुर्ची वर होत असेल तर करणं. सराव परिच्छेद चालू असतानाच हे उरकून घ्या.

कुठे दुखतं त्यावरून काय समजायचं

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या, रात्री झोपेतून जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं: मनगटातली मीडियन नस, म्हणजे कार्पल टनेल. करंगळी यात सुटते, ही ओळखायची मोठी खूण. दोन्ही पंजांच्या पाठी एकमेकींना लावून मनगटं एक मिनिट खाली वाकवून धरली आणि याच बोटांना मुंग्या आल्या तर संशय पक्का होतो. मात्र सगळा दोष कीबोर्डला देऊ नका. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, गर्भारपण, संधिवात यांतही हे होतं, आणि नुसत्या टायपिंगने ते होतं की नाही याबद्दल संशोधकांचं एकमत नाही. म्हणून साखर आणि टीएसएच तपासून घ्या.

करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर अडचण मनगटात नसून बहुधा कोपरात आहे. कठीण फळीवर कोपर टेकवून, किंवा फोन कानाला लावून कोपर पूर्ण वाकवून बसल्याने तिथली अल्नर नस दबते. कोपराखाली मऊ पट्टी आणि बोलताना हेडफोन.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला कळ येत असेल आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवताना ती वाढत असेल तर अंगठ्याच्या कंडरा सुजल्या आहेत. स्पेस-बारपेक्षा फोनवर अंगठ्याने टाइप करणं यात जास्त दोषी असतं. कोपराच्या बाहेरच्या हाडावर दुखत असेल आणि चहाचा कप उचलताना जाणवत असेल तर ती ताणून धरलेली बोटं आणि माउस तपासा. अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात धरून, तळवा खाली ठेवून, मनगट दुसऱ्या हाताने वर आणायचं आणि मग तीन-चार सेकंद घेत हळूहळू खाली सोडायचं. दहा-पंधरा वेळा, दिवसातून एकदा. याने तो कंडरा हळूहळू भक्कम होतो, पण त्याला काही आठवडे लागतात.

दोन आठवडे मापं सुधारून, सुट्ट्या घेऊनही फरक नसेल तर डॉक्टरांकडे जा. रात्रीची झोपमोड, हातातून वस्तू निसटणं, बटण लावताना अडचण, अंगठ्याखालची गादी एका बाजूला खोलगट दिसणं यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. अस्थिरोगतज्ज्ञ गरज वाटली तर नसांचा एनसीव्ही तपास करवतात. कार्पल टनेलला सुरुवातीला बहुतेकदा रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा देतात, काही आठवडे. तो पट्टा आपल्या मनाने दिवसा घालून टायपिंग करू नका. मनगट अडकलं की तेच काम खांदा करायला लागतो आणि दुखणं वर सरकतं. मालिश, गरम शेक, मलम यांनी बरं वाटेल, पण बरं वाटलं म्हणून पुन्हा चार तास बसलात तर आठवड्यात तिथेच याल.

परत कामाला लागताना दहा मिनिटं टायपिंग, पाच मिनिटं थांबणं असं सुरू करा. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची. दुखणं आदल्या सकाळपेक्षा वाढलं नसेल तर आज दहा मिनिटं जास्त, वाढलं असेल तर कालच्या निम्मं. मधल्या काळात लांब मजकुरासाठी गूगल डॉक्समध्ये मराठी निवडून बोलून लिहिता येतं. नावं, इंग्रजी शब्द आणि विरामचिन्हं त्यात नेहमी चुकतात, ती नंतर हाताने दुरुस्त करा, पण तीही एका दमात न करता परिच्छेद-परिच्छेद करून.